शासनहीन देशातील दुष्काळ : सोमालिया, १९९२–९५

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बर्रे यांची राजवट कोसळल्यानंतर सोमालियात सरकारच उरले नाही, आणि १९९२ च्या दुष्काळात बंदरावर उतरलेले मदतीचे धान्य सशस्त्र टोळ्या गोदामांतून व रस्त्यांवरून लुटू लागल्या. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावांतील रेशन दुकानांतही परदेशी मिलो (ज्वारीचा एक प्रकार) येत असे. पण ते वाटणारी यंत्रणा जागेवर होती आणि मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. सोमालियात संमती मागावी असे शासनच नसल्याने सुरक्षा परिषदेने ३ डिसेंबर १९९२ रोजी ठराव ७९४ नुसार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे सातवे प्रकरण, म्हणजे संबंधित देशाच्या संमतीवाचूनही बळाचा वापर करू देणारी तरतूद, लागू केली व अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजा उतरल्या.

मे १९९३ मध्ये त्यांची जागा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘युनोसोम-२’ मोहिमेवर धान्यरक्षणाबरोबर टोळ्यांचे निःशस्त्रीकरणही सोपवले गेले, आणि तेथेच गाडे रुतले. बैदोआ परिसरात तैनात झालेल्या भारताच्या ६६ व्या स्वतंत्र ब्रिगेडने, जिच्यात महार रेजिमेंटचे जवानही होते, मदतीच्या ताफ्यांना संरक्षण दिले, विहिरी खोदल्या आणि माणसांबरोबर गुरांवरही (पशुपालक समाजात ही बाब गौण नव्हे) उपचार केले. ऑगस्ट १९९४ मध्ये बैदोआ येथे तिचे तीन डॉक्टर मारले गेले. डिसेंबर १९९४ मध्ये किस्मायो बंदरातून भारतीय सैनिकांना माघारी आणणाऱ्या नौदलाच्या ताफ्यात माझगाव गोदीत बांधलेल्या ‘गंगा’ व ‘गोदावरी’ या युद्धनौका होत्या. मोहीम मार्च १९९५ मध्ये संपली, तेव्हाही राजधानी मोगादिशूत सरकार नव्हते.