न दिसणाऱ्या माणसाची गोष्ट

गोष्टीतली जादूची टोपी आपल्याला मिळावी, असे लहानपणी कोणाला वाटले नसेल? टोपी चढवावी आणि साऱ्या जगाची मौज गुपचूप पाहत हिंडावे! ही हौस एखाद्या शास्त्रज्ञाने पुरी करून घेतली तर काय अनर्थ होईल, ते एच. जी. वेल्सने १८९७ साली ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीत रंगवले. १९३३ साली जेम्स व्हेलने हॉलिवूडमध्ये त्याच नावाचा बोलपट काढला.

बाहेर बर्फ पडत असते. चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळलेला, काळा चष्मा लावलेला एक पाहुणा इंग्लंडमधल्या खेड्यातल्या छोट्या हॉटेलात येतो. हा ग्रिफिन. लोक फारच पिच्छा पुरवतात तेव्हा तो चिडून पट्ट्या सोडतो. पाहतात तो काय, आत डोकेच नाही!

ही किमया जॉन फुल्टनची. नटाला नखशिखांत काळी मखमल चढवायची, वरून ग्रिफिनचे कपडे घालायचे आणि काळ्या मखमलीपुढेच चित्रण करायचे. काळ्यात काळे विरून जाई, उरत ते नुसते कपडे. मग ते चालतेबोलते कपडे खोलीच्या चित्रात बेमालूम बसवायचे. संगणकाचा तेव्हा पत्ताही नव्हता!

शास्त्राचा मात्र एक आक्षेप आहे. प्रकाश शरीरातून आरपार गेला तर माणूस दिसणार नाही, हे खरे. पण पाहण्यासाठी तोच प्रकाश डोळ्याच्या पडद्याने अडवावा लागतो. म्हणजे पूर्ण अदृश्य झालेला माणूस ठार आंधळाच व्हायचा!

ग्रिफिनची दृष्टी शाबूत राहते, जाते ती बुद्धी. औषधाने त्याचा माथा फिरतो. आपल्याला कोणी पकडू शकत नाही म्हटल्यावर तो खून पाडतो, आगगाडी उलथवतो. पण या सम्राटाचे हाल पाहा! थंडीत उघडे हिंडायचे, कारण कपडे दिसतात. जेवल्यावर तासभर दडून बसायचे, कारण पोटातले अन्न दिसते. पाऊस, धूळ, काजळी, सारेच वैरी.

अखेर बर्फावर उमटणारी पावलेच त्याला पकडून देतात. गोळी लागते. इस्पितळात प्राण गेल्यावर उशीवर हळूहळू चेहरा उमटतो. क्लॉड रेन्स या नटाने सारा बोलपट केवळ आवाजावर तोलून धरला. त्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो तो या एकाच क्षणी, आणि तो एका थकलेल्या तरुणाचा असतो.