शिकाऊ वैमानिकांचे विमान

दिनांक २५ जुलै २०२२ रोजी सकाळी एक लहानसे विमान बारामतीच्या विमानतळावरून आकाशात झेपावले. आत वैमानिकाचे शिक्षण घेणारी एक तरुणी एकटीच होती. शिक्षक सोबत नसताना दूरवर जाऊन परत यावयाचे, हा तिच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. वाटेत इंजिनाची शक्ती कमी पडली आणि विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एका शेतात कोसळले. त्या तरुणीला मात्र किरकोळ दुखापतीपलीकडे काही झाले नाही.

ते विमान ‘सेसना १५२’ जातीचे, दोन आसनांचे होते. त्याचे थोरले भावंड म्हणजे चार आसनांचे ‘सेसना १७२’. अमेरिकेत १९५६ पासून विकले जाऊ लागलेल्या या विमानाच्या चव्वेचाळीस हजारांहून अधिक प्रती आजवर तयार झाल्या. जगात दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. लहान विमानांत ते बरेच सुरक्षित गणले जाते. याचे कारण काय?

इंजिन थांबले की विमान दगडासारखे खाली पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. विमानाला उचलून धरतात ते त्याचे पंख. इंजिनाचे काम त्याला पुढे ओढण्याचे. इंजिन थांबताच वैमानिक विमानाचे नाक किंचित खाली करतो. उतारावर सायकल पायडल न मारता धावते, तसे विमान तरंगत पुढे जाते. सेसना १७२ एक हजार मीटर उंचीवरून असे सुमारे नऊ किलोमीटर जाऊ शकते. त्यास चार-साडेचार मिनिटे लागतात. घड्याळ समोर ठेवून चार मिनिटे स्वस्थ बसून पाहावे, म्हणजे मोकळे शेत हेरण्यास हा अवधी अगदीच थोडा नाही, हे पटेल.

मात्र घाबरून नाक वर ओढले तर घात होतो. वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास उतरला की पंखांचा आधार सुटू लागतो. पण याच मंदगतीमुळे विमान लहानशा जागेत उतरू शकते, आणि जमिनीवरचा आघातही सौम्य होतो.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे दोन प्लग असतात. त्यांना वीज पुरविणारी यंत्रेही दोन, आणि तीही बॅटरीवर अवलंबून नसलेली. एक बिघडले तरी दुसऱ्यावर काम भागते. १९५८ च्या डिसेंबरात अमेरिकेतील लास व्हेगास येथून उडालेले एक सेसना १७२ चौसष्ट दिवसांहून अधिक काळ खाली उतरलेच नाही. रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीतून त्यास पेट्रोल मिळत असे!

तरीही अपघात होतातच. त्यांतील बहुसंख्य यंत्राच्या दोषाने नव्हे, तर माणसाच्या चुकीने होतात. कोणी पेट्रोल मोजावयास विसरतो, कोणी ढगात शिरतो, कोणी उतरताना वेग चुकवतो. म्हणून विद्यार्थ्यास उड्डाणापूर्वी पंखाशी चढून टाकीत पट्टी घालावी लागते. काट्यावर विसंबून चालत नाही. त्यानंतर तो टाकीच्या तळाशी पारदर्शक पेला धरून थोडे पेट्रोल काढतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते. पेल्यात एक थेंब जरी दिसला, तरी पेला रिकामा करून पुन्हा धरावयाचा, आणि निर्मळ निळसर पेट्रोल येईपर्यंत धरीत राहावयाचे.