गाडीवरचे चरे काढताय? आधी लॅकर वाचवा

गेल्या वर्षी आम्ही काळ्या रंगाची एक जुनी गाडी घेतली. संध्याकाळी पाहायला गेलो तेव्हा आरशासारखी चमकत होती. सौदा झाला, गाडी दारात आली. दोन-तीनदा धुतली आणि एका दुपारी उन्हात पाहतो तर काय, बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा! विकणाऱ्याने तेलकट पॉलिश लावून चरे बुजवले होते. ते धुऊन गेलं आणि गाडीचं खरं रूप समोर आलं.

आम्ही घाई केली. एका वॉशिंग सेंटरवर गाडी दिली. तिथल्या मुलाने ग्राइंडरला फोम लावून ‘रबिंग’ मारलं. चरे गेले, पण बॉनेटच्या कडेला खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला. शेवटी अख्खं बॉनेट पुन्हा रंगवून घ्यावं लागलं. त्यानंतर आमचा एक माजी विद्यार्थी, जो आता डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, त्याच्यासमोर आम्हीच विद्यार्थी होऊन बसलो. त्याने शिकवलेलं आणि नंतर स्वतः करून पाहिलेलं इथे सांगतो.

चरा नेमका कुठे पडतो?

गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वात वर पारदर्शक थर असतो. गॅरेजवाले त्याला लॅकर म्हणतात, कंपन्या क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याचीच असते आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोही हाच. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीची जेमतेम दीड पानं. त्यात लॅकर फक्त 35 ते 50 मायक्रॉन. अर्धं पान समजा.

जाळीसारखे चरे या लॅकरच्या वरवर असतात. ते गोल दिसतात, पण खरं तर वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या बारीक रेषा असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या तेवढ्याच रेषा चमकतात, म्हणून गोल जाळं भासतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचं लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं म्हणजे पॉलिश. हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंडने त्याहून जास्त. गेलेलं लॅकर परत येत नाही. ते फार पातळ झालं की उन्हाने फिकं पडतं, पापुद्रे सुटतात आणि मग रंगकामाशिवाय इलाज उरत नाही.

आधी परीक्षा, मग उपचार

चऱ्यावरून आडवं नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तो पॉलिशने पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. पाणी शिंपडल्यावर चरा दिसेनासा झाला तर तो बहुधा लॅकरमध्येच आहे आणि निघू शकतो. चऱ्यात पांढरा-राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर तिथे टचअप रंगाचं काम आहे. मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश करायचंच नाही. नुकत्याच रंगवलेल्या भागाला कधी हात लावायचा, ते रंगवणाऱ्यालाच विचारा.

धुण्यात अर्धं काम

धुळीवर पॉलिश म्हणजे सँडपेपर. आधी पाण्याच्या झोताने माती काढा, मग कार शाम्पूने धुवा. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. वाळल्यावर हात फिरवून खरखरीत लागलं तर क्ले बार भरपूर ओलावा ठेवून फिरवा. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, त्यात अडकलेला खडा नवे चरे पाडतो.

पॉलिश कसं करायचं?

गाडी सावलीत हवी, पत्रा थंड हवा. कडा, रबर आणि काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग पातळ असतो, आमचं बॉनेट तिथेच गेलं.

नवशिक्याने ड्युअल अॅक्शन मशीन घ्यावं किंवा भाड्याने आणावं. त्याचं पॅड फिरतं आणि सोबत डुलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. ग्राइंडर मात्र कधीच नाही. तो मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो, पॉलिशच्या कामाला त्याच्या पाव भागही वेग लागत नाही.

सुरुवात नेहमी सर्वात सौम्य जोडीने करा, मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. आधी दीड-दोन फुटांचा एकच चौकोन घ्या.

1. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्या आणि मशीन चालू न करता चौकोनात टेकवत पसरवा.
2. कमी वेगाने पॉलिश पसरवा, मग वेग मध्यम करा. मशीन सपाट धरा, जोर साधारण मशीनच्या वजनाइतकाच.
3. हात अगदी सावकाश चालवा. आधी आडव्या, मग उभ्या रांगा, प्रत्येक रांग आधीच्या रांगेवर अर्धी चढलेली. असे चार ते सहा फेरे पुरे.
4. मायक्रोफायबरने पुसा आणि मोबाइलच्या टॉर्चने तिरकं पाहा.

चरे गेले नसतील तरच थोडं कडक पॅड किंवा कंपाउंड घ्या. कंपाउंडने धुरकटपणा आला तर बारीक पॉलिशचा हात द्यावा लागतो. पत्र्याला हात लावून पाहत राहा. कोमट ठीक, चटका बसायला लागला तर थांबा. प्लास्टिकच्या बंपरवर जास्तच जपा, तिथे उष्णता लवकर पसरत नाही. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा.

मशीन नसेल तर छोट्या भागावर हातानेही जमतं. फोमवर पॉलिश घ्या आणि गोल न घासता सरळ रेषेत घासा. वेळ लागेल, पण लॅकर जळायची भीती नाही. टूथपेस्टचा घरगुती उपाय टाळा, तिची खर कधी कशी असेल सांगता येत नाही.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने पुसून घ्या. तेलकटपणा निघाला की चरे खरंच गेले की नुसते झाकले गेले ते कळतं. मग वॅक्स किंवा सीलंट लावा.

चरे येतात कुठून?

ईदच्या आदल्या दिवशीची आपली गल्ली आठवा. एक बादली, एक फडकं आणि त्याच फडक्याने तीन गाड्या. रोज सकाळी कोरडं फडकं मारायची सवयही तशीच, प्रत्येक हाताबरोबर धूळ लॅकरवर घासली जाते. ही सवय सुटली नाही तर पॉलिश केलेली गाडी काही महिन्यांत पुन्हा तशीच होईल, आणि दर वर्षी घासायला अर्ध्या पानाची जाडी पुरणार नाही.

कधी गाडी विकायची झाली तर चरे बुजवून नाही, दाखवून विका. आणि घ्यायची असेल तर भर दुपारी, धुतलेली गाडी उन्हात पाहा. आमच्या गाडीच्या डाव्या दारावर अजून एक चरा आहे. नख अडकतं त्यात. तो आम्ही तसाच राहू दिला आहे.