चाफा वाळलेला नाही

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे जिरायती पट्ट्यातले गाव. पाऊस बेताचा. अशा गावी शाळेच्या आवारात फुलझाड लावायचे तर पांढरा चाफा सोयीचा. मात्र त्याची एक सवय ठाऊक नसली की फसगत होते. आमची झाली.

एका शाळेत मुलांबरोबर आम्ही चाफ्याची फांदी लावली. पावसाळ्यात ती छान फुटली. डिसेंबरात पाने गळाली, तेव्हा झाड मरते आहे असे समजून मुले रोज बादलीभर पाणी घालू लागली. आम्ही त्यांना शाबासकीच दिली! फेब्रुवारीत बुंधा दाबून पाहिला, तर तो मऊ लागला. आतून कुजला होता.

असे का झाले? पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडत असते. त्या ओढीने मुळांकडून पाणी वर चढते. पानेच नसली की ही ओढ जवळजवळ थांबते. घातलेले पाणी मुळांभोवती साचते, मातीच्या पोकळ्यांतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीचे फावते. काळ्या जमिनीत हा धोका अधिक, म्हणून झाड मुरमाड उंचवट्यावर लावावे. चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. कोरड्या ऋतूत पाने टाकून, जाड फांद्यांतल्या साठ्यावर राहण्याची सवय त्याने तिकडूनच आणली आहे. (बोथट टोकाच्या पानांचा, बहुधा बारमाही हिरवा राहणारा चाफाही बागांत दिसतो. ती जात वेगळी.)

झाड जिवंत आहे का, हे पाहायचे तर साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा थर आणि पांढरा चीक दिसला की काळजी नको. चीक डोळ्यांना लागू देऊ नये, हे मुलांना आधीच बजावावे.

लागवडीसाठी मार्च-एप्रिलमध्ये हातभर फांदी कापून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी. कापलेला भाग सुकला की ती १० सेंमी. खोल लावावी. ओल्या जखमेची फांदी लावली तर ती हमखास कुजते. छाटणी फारशी लागत नाही. फुले फांदीच्या टोकालाच येतात, आणि फुलोरा आला की त्याखालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. हे दुभंग विद्यार्थ्यांना मोजायला लावावेत. झाडाचा मागचा इतिहासच हाती येतो. टोके सरसकट छाटली तर बहर लांबतो.

निष्पर्ण झाडाला पाणी बंदच ठेवावे. उन्हाळ्यात टोकाची नवी पाने बोटभर झाली, की आठवड्याला एक बादली पुरते.