पारनेरचा पिनकोड आणि कापरेकरांची वजाबाकी

पारनेरचा पिनकोड ४१४३०२. टपाल खात्याला तो पत्र पोचवण्यापुरता लागतो. गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या हाती तो पडता, तर त्यांनी आधी अंकांची बेरीज केली असती. ती येते १४, आणि ४१४३०२ ला १४ ने भागलं की २९५९३ येतात, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' नाव दिलं. शेजारच्या सुप्याच्या ४१४३०१ ची बेरीज १३. तिथे मात्र ४ बाकी उरते.

डहाणूला १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. ज्या संख्येला 'जनक' नाही, म्हणजे जी दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून येत नाही, तिला ते 'स्वयंभू' म्हणत. देवळालीच्या नावानेही त्या संख्या ओळखल्या जातात. या कसोटीवर पारनेर उतरत नाही. ४१४२७७ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज, २५, मिळवा, ४१४३०२ हजर.

त्यांची खरी कीर्ती ६१७४ ची. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. जगभरच्या वाचकांपर्यंत ते पोचलं गणितलेखक मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ च्या लेखामुळे, म्हणजे पाव शतकानंतर.

सहा अंकांत गंमत वाढते. पारनेरपासून सुरुवात करू: ४४३२१० वजा ०१२३४४, उत्तर ४३०८६६. पुढे ८३१७६२, मग ७५२६४३. अशा बाराव्या वजाबाकीला ८५१७४२ येते आणि तिथून सुटका नाही: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, की पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचं हे चक्र कधीच थांबत नाही. कुठेतरी पुनरावृत्ती होणारच, कारण सहा अंकी संख्या मर्यादित आहेत. पण नेमकं हेच चक्र का, हे मात्र वजाबाक्या करूनच कळतं. काही संख्या ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर जाऊन स्थिरावतात.

हे सगळं दशमान पद्धतीवर अवलंबून, म्हणून त्यात खोल गणित नाही, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. दहाऐवजी आठ किंवा बारा पाया घेऊनही हेच प्रश्न विचारता येतात, आणि उत्तरं वेगळी येतात. शोधण्याजोगं तेच तर आहे. कापरेकरांच्या हर्षद संख्यांचाच पुढचा प्रवास पाहा. लागोपाठच्या किती संख्या हर्षद असू शकतात? कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी १९९३ साली सिद्ध केलं की फार तर वीस, एकवीस कधीच नाहीत. विसांची माळ त्यांनी दाखवूनही दिली. तिच्यातली प्रत्येक संख्या ४४३६ कोटींहून अधिक अंकांची आहे.