२१ जूनचा फोटो तर निघतो, पण वर्षभर योग केल्याने शाळेतल्या मुलांना नेमकं काय मिळतं?

बोदवडमध्ये शाळा उघडते जूनच्या मध्यावर. नवी पुस्तकं वाटून होतात न होतात तोच २१ जून येतो. पटांगणात सतरंज्या अंथरल्या जातात, पोरं रांगेत उभी राहतात, ताडासन होतं, फोटो निघतो आणि गावच्या ग्रुपवर पडतो. तिकडे शेजारच्या मलकापुरात, म्हणजे विदर्भात, उन्हामुळे शाळा साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे तिथली बरीच मुलं तेव्हा अजून सुट्टीतच असतात.

फोटोच्या मागोमाग फॉरवर्ड मेसेज येतात. योगाने मुलांची उंची वाढते, चष्मा जातो, दहावीला मार्क वाढतात. यातलं खरं किती? आणि २२ जूनपासून शाळेत योग बंद झाला तर त्या एका दिवसाचा उपयोग काय? जरा सविस्तर बघू.

शाळेतल्या योगाचं खानदेश कनेक्शन

संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ ला योग दिन जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. पण शाळकरी मुलांना योग शिकवावा हा विचार त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या जळगाव जिल्ह्यातून जातो.

अमळनेर म्हटलं की आपल्याला सानेगुरुजी आठवतात. गुरुजी १९२४ मध्ये तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले. त्यांच्या थोडं आधी, १९१६ ते १९२३ या काळात, जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक अमळनेरात खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. पुढे तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या गुणेंना योगाचं वेड होतं. हेच गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. ‘योगाने सगळे रोग जातात’ असं नुसतं सांगून ते थांबले नाहीत. नौली, उड्डियान यांसारख्या क्रिया करताना पोटात काय होतं, ते त्यांनी एक्स-रे काढून तपासलं आणि निष्कर्ष ‘योग मीमांसा’ या नियतकालिकात छापले. मुलांनी एकत्र, तालावर करायचे योगाचे व्यायामही त्यांनी बसवले. त्याच सुमारास औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार घालून घेत होते.

म्हणजे दावा आधी तपासायचा आणि मग शिकवायचा, ही सवय योगाच्या अभ्यासात शंभर वर्षांपासून आहे. आज ग्रुपवरच्या मेसेजला आपणही तीच लावू.

शरीराला काय मिळतं?

सरळ उत्तर द्यायचं तर लवचिकता, तोल आणि पोट-पाठीच्या स्नायूंची ताकद. मूल दिवसभर बाकावर किंवा सतरंजीवर पोक काढून बसतं. ताडासन, वृक्षासन, भुजंगासन यांनी पाठीला नेमकं उलट काम मिळतं. एका पायावर उभं राहून तोल सांभाळताना घोटा, गुडघा आणि कंबर यांचे स्नायू एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकतात.

पण इथेच एक गैरसमज होतो. योग म्हणजे पूर्ण व्यायाम, मग खेळाचा तास नसला तरी चालेल, असं काही जण धरून चालतात. तसं नाही. संथपणे केलेल्या आसनांत दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. भराभर घातलेले सूर्यनमस्कार त्यात मोजता येतील, शवासन नाही. त्यामुळे कबड्डी, खो-खो, लंगडी यांची जागा योग घेऊ शकत नाही.

मनाला काय मिळतं?

एक प्रयोग घरीच करून बघा. मुलाला स्वतःच्या मनगटावर नाडी धरायला सांगा आणि हळूहळू श्वास घ्यायला, सोडायला लावा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. लहान मुलांमध्ये हा फरक जास्त असतो. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस जास्त काम करते आणि शरीराला ‘आता शांत हो’ असा निरोप जातो. भ्रामरीत आपण हेच करतो, मधमाशीसारखा आवाज काढत श्वास लांबवतो.

मुलांवर झालेले अभ्यासही आहेत. २०१३ मध्ये हरिद्वारच्या पतंजली रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ ते १३ वर्षांची ९८ शाळकरी मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला योग, दुसऱ्याला शारीरिक व्यायाम. आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटं, तीन महिने. योगाच्या गटातल्या मुलांचा एकूण आत्मसन्मान वाढला. पण चारचौघांत मिसळताना स्वतःबद्दल जे वाटतं, त्यात व्यायामवाला गट पुढे राहिला. योग शिकवणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनीच हा निकाल दिलाय, हे लक्षात घ्या.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रामीण भागातल्या हायस्कुलात ५१ विद्यार्थ्यांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. योग करणाऱ्यांचा ताण आणि चिडचिड कमी झाली, नेहमीचा पीटीचा तास करणाऱ्यांची वाढली.

मग सगळीकडे फायदाच दिसला का?

नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात सहावीच्या मुलांनी बारा आठवडे योग केला. दोन गटांत मोठा फरक दिसला नाहीच, उलट योग करणाऱ्या मुलांनी मनातल्या नकोशा भावना वाढल्याचं सांगितलं. शांत बसल्यावर आतलं जास्त जाणवतं, हे त्याचं एक कारण असू शकतं.

ब्रिटनमध्ये तर ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसचा, म्हणजे ध्यानाशी जवळीक असलेल्या पद्धतीचा, मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याने मुलांच्या मनःस्थितीत काही वेगळा फायदा झाला नाही.

एकूण चित्र असं दिसतं. नियमित योगाने बऱ्याच मुलांना मध्यम फायदा होतो, काहींना होत नाही, आणि एका दिवसाच्या कार्यक्रमातून असा फायदा निघतो असं कोणीच दाखवलेलं नाही. फायदा दिसला तो आठवड्यातून ठरावीक दिवस, कित्येक आठवडे करणाऱ्यांत.

ग्रुपवरचे तीन दावे

*उंची वाढते?* उंची ठरते ती आईवडिलांकडून आलेल्या गुणांवर, आहारावर, झोपेवर आणि आजारपणावर. योगाने मूल ताठ उभं राहायला लागतं, त्यामुळे ते उंच दिसतं. हाड त्याने लांब होत नाही.

*चष्मा जातो?* डोळ्याचा लांबलेला गोळा डोळे फिरवून लहान होत नाही. पण चष्मा लागू नये म्हणून एक उपाय खरंच तपासलेला आहे, तो म्हणजे उजेडात, बाहेर राहणं. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी झाली होती, बाकीच्यांत ३९.५ टक्के. म्हणजे योग करायचाच तर हॉलऐवजी पटांगणात करा, डोळ्यांनाही फायदा.

*मार्क वाढतात?* मन थोडं स्थिर झालं तर अभ्यासाला मदत होते. पण योग केला म्हणून गणित येत नाही, त्याला शिकवणं आणि सरावच लागतो.

दहा मिनिटांत काय करता येईल?

बोदवडसारख्या तालुक्यातल्या शाळेला योगशिक्षक, मॅट, हॉल यांची वाट बघायची गरज नाही. परिपाठाला मुलं रोज उभी असतातच. त्याला जोडून एवढं होतं:

- दोन मिनिटं: मान, खांदे, मनगट, घोटे मोकळे करणं.
- पाच मिनिटं: ताडासन, वृक्षासन, कटिचक्रासन. सगळी उभ्याने होतात, सतरंजी लागत नाही, पावसाने जमीन ओली असली तरी अडत नाही.
- तीन मिनिटं: संथ श्वास आणि पाच वेळा भ्रामरी. हे वर्गात बसूनही चालतं, चाचणीच्या आधी तर नक्की.

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते. तेव्हा ऊन चढायच्या आत हे उरकायचं, कारण इथला पारा चाळिशी कधी ओलांडतो कळत नाही.

इथे मात्र जपून

पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर दोन-तीन तास आसनं नकोत. शीर्षासन, श्वास रोखून धरणं, जोरजोरात कपालभाती हे लहान मुलांना व्हिडिओ बघून करायला लावू नका. दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळीच्या दिवसांत करायचं की नाही हे त्या मुलीला ठरवू द्या. आणि ज्याला वाकता येत नाही त्याला सगळ्यांसमोर हसू नका, आत्मसन्मान वाढवायला निघालो आणि तोच घालवला असं व्हायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे योग हा उपचाराला पर्याय नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. मूल कित्येक दिवस झोपत नाही, जेवत नाही, बोलत नाही, स्वतःला इजा करण्याची भाषा करतं, तेव्हा ‘प्राणायाम कर’ एवढं सांगून भागत नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर त्यासाठीच आहे, तो फुकट आहे.

सक्ती आहे का?

पहिली ते आठवीला योग सक्तीचा करा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. शाळेत काय शिकवायचं हे ठरवणं आमचं काम नाही, असं म्हणत न्यायालयाने २०१७ मध्ये ती फेटाळली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात योग शारीरिक शिक्षणाचा भाग आहे. प्राथमिकला तो खेळत-खेळत आणि सहावीपासून रीतसर शिकवावा, असं त्यात म्हटलंय.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर योग दिनाचा फोटो आला की लाइक जरूर करा. फक्त पालकसभेत सरांना किंवा बाईंना एवढं विचारा, ‘आठवड्यातून किती दिवस घेता? किती मिनिटं? आणि खेळाचा तास त्यात जात तर नाही ना?’ मुलांना काय मिळणार, हे या तीन उत्तरांवर ठरतं.