सातनूरच्या पलीकडचं लाईट बिल

घर बदललं, हिशेब बदलला : भाग ५

माझ्या भाच्याला बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात नोकरी लागली आणि त्याने नागपुरातून सौंसरला बिऱ्हाड हलवलं. अंतर सत्तरेक किलोमीटर. सावनेर सोडून पुढे सातनूरच्या अलीकडे राज्य बदलतं, पण ते कळतं पाट्या वाचल्या तरच. शेतात तीच संत्र्याची झाडं, तोच कापूस, चहाच्या टपरीवर तीच मराठी. एवढ्याशा अंतरात काय बदलणार, असं म्हणतच टेम्पो भरला गेला. भाचेसून मात्र सावध. तिने पहिल्या दिवसापासून एक वही घातली. डाव्या पानावर नागपूर, उजव्या पानावर सौंसर. काही महिन्यांनी ती वही मी मागून घेतली.

पहिली आठ-दहा पानं वाचून खरं तर हिरमोडच होतो. आलू, सांबार, तूरडाळ, फल्ली तेल, साबण, चहापत्ती. दोन्ही पानांवर जवळपास तेच आकडे. यात नवल काही नाही. सौंसरचे दुकानदार माल भरायला नागपूरच्या इतवारीत जातात, आणि तेलाचा डबा सत्तर किलोमीटर आणायला लागतात ते चार-दोन रुपये सगळ्या गिऱ्हाइकांवर वाटले जातात. डबाबंद मालावरचा कर तर १ जुलै २०१७ पासून, म्हणजे जीएसटी आल्यापासून, दोन्ही राज्यांत एकच. सुटं दूध आणि संत्री तेवढी सौंसरला स्वस्त. तीही गावातल्या कुणी ओळखीने दिली तर.

घरभाडं जवळपास निम्म्यावर आलं. भाचा हे सगळ्यांना सांगत सुटतो, "मध्य प्रदेशात भाडं कमी!" पण हा फरक राज्याचा नाही, गावाच्या आकाराचा आहे. तो नागपूर सोडून काटोलला गेला असता तरी भाडं उतरलंच असतं. राज्य बदलल्याचा हिशेब करताना शहर सोडल्याचा फायदा त्यात मिसळला की सगळं गणित गोड दिसायला लागतं, आणि बहुतेकांचं पहिल्या महिन्यात असंच होतं.

मग राज्यामुळे बदलतं ते काय? भाचेसुनेच्या वहीत ज्या पानांवर लाल शाई आहे ती पानं एकाखाली एक लावली तर एक गोष्ट दिसते. बाजाराच्या हातात आहे ते सारखं राहिलं, सरकारच्या हातात आहे ते बदललं. वीज, पेट्रोल, बस, योजना. वीज आणि पेट्रोल ही जीएसटीच्या बाहेर राहिलेली, म्हणून त्यावर राज्याची मर्जी चालते.

विजेचं पान सगळ्यात भरलेलं आहे. नागपुरात महावितरणचं शंभर युनिटचं घरगुती बिल स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीजशुल्क धरून आठशेच्या घरात जातं, आणि दीडशे युनिटचं पंधराशेच्या जवळ. शंभर युनिटच्या वर दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे वरचे पन्नास युनिट खालच्या शंभराइतके महाग पडतात. सौंसरला वीज येते ती जबलपूरच्या पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून. तिथे अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा वापर दीडशे युनिटच्या आत असेल तर पहिले शंभर युनिट शंभर रुपयांत, त्यावरचे नेहमीच्या दराने. पहिलं बिल आलं तेव्हा भाच्याला वाटलं, मीटर बंद आहे.

पण या योजनेला धार आहे. दीडशेच्या आत असाल तर सवलत, आणि एक युनिट वर गेलं की पूर्ण सवलत जाते, पहिल्या शंभरावरचीसुद्धा. एका युनिटापायी बिल दुपटीवर जाऊ शकतं. हा हिशोब दिवसाला सरासरी पाच युनिट असा धरतात, त्यामुळे रीडिंग तीस दिवसांनी झालं की चौतीस दिवसांनी, याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने. त्यांच्या पहिल्या घरमालकाकडे दोन भाडेकरूंना मिळून एकच मीटर होता. दोन घरांचा वापर एकत्र मोजला जायचा, तो दीडशेच्या वर जायचा, आणि सवलत कुणालाच नाही. वर मालक सब-मीटरवर युनिटला ठरावीक दर लावायचा तो वेगळा. भाचेसुनेने दोन महिन्यांत घर बदललं. नव्या घराचं भाडं तीनशे रुपयांनी जास्त आहे, पण दाराशी स्वतंत्र मीटर आहे. सीमेपलीकडे घर बघायला जाल तर नळाला पाणी किती वेळ येतं याच्या आधी मीटर किती आहेत ते विचारा.

पेट्रोलचं पान याच्या उलट. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. मध्य प्रदेशात २९ टक्के, वर अडीच रुपये, वर एक टक्का उपकर. लिटरला दोन-तीन रुपये तरी सौंसरला जास्त पडतात. नागपूरहून परतताना लोक सावनेरला टाकी भरून घेतात हे ठीक. पण मुद्दाम भरायला जाणारेही मी पाहिले आहेत. साठ किलोमीटरची फेरी मारून ते पंधरा रुपये वाचवतात. गाडीचं मात्र विसरू नये. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. नागपूरच्या आरटीओचा नाहरकत दाखला, मग एमपी २८, मग तिथला कर. आणि इथे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळावा म्हणून वेगळा अर्ज. भाच्याची मोटारसायकल अजून एमएच ४९ आहे, आणि त्याचे अकरा महिने भरत आलेत.

बसचं पान छोटं, पण बोचरं. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण. मध्य प्रदेशाचं राज्य परिवहन महामंडळ तर २००५ मध्येच बंद पडलं, तेव्हापासून सगळं खासगी गाड्यांवर चालतं. माहेरी महिन्यातून दोनदा जाणाऱ्या बाईला हे जाणवतं. रेल्वेला राज्य नसतं, म्हणून भाचेसून आता छिंदवाडा-इतवारीची गाडी धरते. २०१५ मध्ये छोटी लाईन बंद झाली होती, रुंद झालेल्या रुळांवरून गाडी पुन्हा सुरू झाली ते तिच्या सोयीचं झालं.

आता वहीतलं सगळ्यात मोठं लाल वर्तुळ. नागपुरात तिला लाडकी बहीणचे दरमहा १५०० मिळत. मध्य प्रदेशात लाडली बहना आहे, तिथेही रक्कम वाढत वाढत १५०० वर आली. लाडकी आणि लाडली, अक्षराचाच फरक, असं समजून ती निर्धास्त होती. पण लाडकीला महाराष्ट्राचा रहिवास लागतो, आणि लाडलीच्या नोंदणीच्या दोन्ही फेऱ्या झाल्या २०२३ मध्ये, दुसरी ऑगस्टात संपली. ती आली त्यानंतर. एक सोडली, दुसरी मिळाली नाही. वर्षाचे अठरा हजार. विजेने वाचवलेले पैसे यात विरघळतात, हे तिने तीन रंगांच्या पेनांनी मांडून ठेवलंय.

तरी लाडलीचा अर्ज करायला ती गेलीच होती. खिडकीवर विचारलं, "समग्र आहे का?" तिला वाटलं, समग्र माहिती मागताहेत, तिने सगळी फाईल पुढे केली. समग्र म्हणजे मध्य प्रदेशातला ओळख क्रमांक, कुटुंबाचा आठ आकडी आणि माणसाचा नऊ आकडी. तो नसेल तर तिथल्या बहुतेक योजनांची दारं बंदच. नव्या राज्यात असे शब्द आधी शिकावे लागतात. तलाठ्याचा पटवारी होतो, सातबाऱ्याचा खसरा, फेरफाराचं नामांतरण, बाजार समितीची मंडी. बोलणं मराठी, कागद हिंदी. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती आणि सौंसरचा माणूस कचेरीच्या कामाला नागपूरलाच यायचा. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मागे राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं, पण गाडीवरचा २८ अजून छिंदवाड्याचाच.

दवाखान्याच्या बाबतीत भाचा सुदैवी. त्याचा पगार एकवीस हजारांच्या आत असल्याने ईएसआयसी लागू आहे, आणि ती केंद्राची असल्याने सीमा ओलांडून सोबत येते. ज्यांच्याकडे ती नाही त्यांची महात्मा फुले योजना महाराष्ट्राच्या रेशनकार्डाबरोबर सुटते, आणि मोठं दुखणं आलं की धाव तर नागपूरच्या मेडिकललाच असते. शाळा आणि जातीच्या दाखल्याचा विषय याहून गुंतागुंतीचा; त्याला पुढचा आठवडा लागेल.

वहीच्या शेवटच्या पानावर एप्रिल आहे. कूलर लागला. भाचेसून आता दर रविवारी मीटर बघते आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने आकडा लिहिते. मी गेलो होतो तेव्हा तिथे १२८ होता. महिना संपायला नऊ दिवस बाकी. दुपारी ऊन चढलं तसं भाच्याने कूलरच्या बटणाकडे हात नेला.

"मामा आलेत म्हणून लावतो," तो म्हणाला.

"मामांना अंगणात खाट टाका," आतून आवाज आला. "झाडाखाली गार असते."